अक्कांनी सोडलेली साखर

माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती मी शिकलेली होते म्हणून झाली. अडाणी असते तर गप्प बसले असते. त्या चुकीचा भुर्दंड भरला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. ही हकीकत मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही, कारण सांगायला बसलं की आधी माझीच लाज निघते. पण आता अक्कांचे केस कापसासारखे झालेत, माझेही पिकायला लागलेत. लाज तरी किती दिवस राखून ठेवायची?

नव्वदच्या आसपास मी जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीच्या या घरात सून म्हणून आले. माहेर जालन्याचं, लॅब टेक्निशियनचा कोर्स झालेला आणि तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. लग्न ठरताना नोकरीचं विचारलं तर 'बघू' म्हणाले होते. 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला हळद उतरल्यावर कळलं. सासूबाईंचं म्हणणं होतं, घरची सून रोज एसटीत बसून परक्या लोकांचं रगत अन् लघवी तपासायला जाणार, हे कुठल्या घरात शोभतं? आमचे हे आईपुढं तोंड उघडायचे ते फक्त जेवायला. महिनाभर मी चुलीपुढं धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

एके दिवशी अक्का भाकरी थापता थापता थांबल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आत्याबाई, जाऊ द्या तिला. तिच्या वाटंचं काम मी करते. एवढी शिकलेली बाई घरात ठिवून काय लोणचं घालायचंय का?"

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "जाऊ दे. पन तिच्या शिक्षणाचा घराला काई उपेग न्हाई झाला, तिचं येक जरी बोलनं खोटं निघालं, तर त्या दिवशी नोकरी बंद."

"बराबर," अक्का म्हणाल्या, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची गाडी मला त्यांनी पकडून दिली ती कायमची. पाच वाजता त्यांच्या बांगड्या वाजायच्या, सहाला माझा डबा भरलेला. मी नुसती आयत्या बिळावरची राणी. त्या म्हणायच्या, "जा बाई जल्दी, तुझं रगत वाट बघून राह्यलं असंल."

त्यांचं स्वतःचं काम माझ्या कामापेक्षा कितीतरी अवघड होतं. आमच्याकडं कपाशीच्या संकरित बियाण्याचे प्लॉट घेतात. जालन्याच्या कंपन्या मूळ बियाणं देतात आणि तयार झालेलं परत उचलतात. हे बियाणं आपोआप होत नाही, बायकांच्या बोटांनी होतं. त्या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणतात. उद्या उमलणार अशी कळी आज दुपारी हेरायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या बुडाशी गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट आतले पुंकेसर टोपीसारखे उचलून काढायचे. मधला पांढरा दांडा तेवढा राहिला पाहिजे आणि त्याला ओरखडाही नको. वर लाल कागद घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या दांड्यावर पराग लावायचे, देठाला दोरा बांधायचा. आत एक जरी पुंकेसर राहिला तर ते बोंड भेसळीचं, आणि अशी बोंडं वाढली तर अख्खा प्लॉट नापास.

अक्का या कामाच्या मुकादम होत्या. दहा-बारा बायका ओळीनं पुढं चालायच्या आणि या मागून. लाल कागद जरासा वर करायच्या आणि जागेवरून हाक द्यायच्या, "ही कळी कुनाची? दोन दाने राह्यले हिच्यात!" मी एकदा रविवारी शेतात गेले असताना वाकून, डोळे ताणून बघितलं. मला काही म्हणजे काही दिसेना. आणि मी तर दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी. अक्कांनी नखाच्या टोकानं ते दोन दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले, तेव्हा कुठं दिसले. त्यांच्या हाताखालचा प्लॉट कधी नापास झाला नाही. आजूबाजूच्या गावांतले लोक आपल्या प्लॉटवर एक चक्कर मारा म्हणून त्यांना गाडी पाठवायचे. मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा, पण मी तोंडानं कधी बोलले नाही.

त्याच डोळ्यांपैकी उजव्या डोळ्यात मांस वाढायला लागलं. आमच्याकडं त्याला नाखुना म्हणतात. उन्हात, वाऱ्यात, धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना होतो. नाकाच्या बाजूनं एक लालसर तिकोनी पडदा पांढऱ्यावरून काळ्याकडं सरकत येतो. काळ्याच्या मधोमध पोचला की दिसायचं बंद होतं. एका शिबिरात त्यांनी तो काढून घेतला. पाच मिनिटांचं काम, चार दिवस पट्टी. आम्ही सगळे खूश. पण वर्षाच्या आत तो परत आला, आणि पहिल्यापेक्षा जाड, जास्त लाल, जास्त रागीट होऊन आला. संध्याकाळी त्या शेतातून आल्या की तो डोळा बघवायचा नाही.

मी त्यांना जालन्याला आमच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. मारवाडी घरातल्या, जालन्यातच वाढलेल्या, तरुण बाई. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी निवांत तपासलं आणि म्हणाल्या, "आता कापलं तर परत येईल. आत्ता हे फार चवताळलंय. थेंब देते, उन्हात कमी जा. दिवाळीनंतर करू. नुसतं काढायचं नाही, वरच्या पापणीखालचा चांगला पडदा थोडासा घेऊन त्या जागी शिवायचा, म्हणजे याला परत शिरायला जागा राहणार नाही."

"मोकळी ठिवली की तिथं तण येतंच," अक्का म्हणाल्या. त्यांना लगेच पटलं. मग त्यांनी विचारलं, "अन् तरी बी आलं तर?"

मॅडम खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तर तिसऱ्यांदा कापायला चांगली जागा उरणार नाही. त्या डोळ्यानं बारीक काम होणार नाही."

परतीच्या गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. टेंभुर्णी येईपर्यंत त्या एवढंच म्हणाल्या, "येका डोळ्यानं कळी बराबर सोलता येत न्हाई गं. खोली कळत न्हाई."  त्यांच्याकडून ते काम काढून घेणं म्हणजे काय, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. मॅडमना त्या मांसाचं फार कुतूहल होतं. पेशंटच्या डोळ्यांतून काढलेले तुकडे त्या आमच्या लॅबमध्ये पाठवायच्या, स्वतःच्या जिज्ञासेपोटी. मी त्यांचे मेणात ठोकळे करायची, त्यांचे पातळ काप काढायची आणि काचेवर रंगवायची. एक रंग असा आहे की पेशीत साखरेचा साठा असला की तिथं गडद गुलाबी होतो. मॅडम येऊन बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बघा, या वाढलेल्या मांसाच्या पेशी कशा गच्च गुलाबी आहेत. निरोगी पेशी साखर सावकाश आणि पुरती जाळते. या पेशी घाईत असाव्यात. जास्त ओढून घेतात, अर्धवट जाळतात आणि परत मागतात. यांचं खाणंपिणंच बदललेलं असावं." मग हसून म्हणाल्या, "पण हा माझा नुसता अंदाज हं. चार काचांवरून काही सिद्ध होत नाही."

मी घरी येताना अंदाज तेवढा गाडीतच विसरून आले.

आखाड चालू होता. संध्याकाळी सगळे ओट्यावर बसलेले, अक्का चहा गाळत होत्या. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "अक्का, तुमच्या डोळ्यातलं मांस साखर खातं. मी स्वतः बघितलंय. साखरेवरच वाढतं ते."

अक्कांनी चहाचे कप भरले. आपल्या कपात साखर टाकायला चमचा उचलला होता, तो तसाच परत डब्यात ठेवला. "म्हंजे खत बंद केलं तर वाळंल?"

इथं मी 'नाही, असं नसतं' म्हणायला हवं होतं. 'मॅडमना विचारते' तरी म्हणायला हवं होतं. पण समोर सासूबाई बसल्या होत्या, आणि पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाकडं कान देऊन ऐकत होत्या. मी म्हणाले, "वाळायलाच पाहिजे."

सासूबाई म्हणाल्या, "बघू तर हिचं शास्तर." त्यांचं ते 'बघू' मला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून अक्कांनी गोड सोडलं ते असं सोडलं की देवाधर्माचा उपास करणारानंही कान पकडावेत. बिनसाखरेचा चहा. गूळ नाही. श्रावणातला शिरा नाही. पोळ्याला त्यांनी घरभर पुरणपोळ्या केल्या, बैलाला घास भरवला आणि स्वतः ठेचा-भाकरी खाल्ली. गणपतीचा प्रसाद आला तर कपाळाला लावून पोरांच्या हातावर ठेवायच्या. अक्कांना गोडाची भारी आवड, बरं का. पुरण वाटताना अर्धं चाखूनच संपवणारी बाई ती. मला कौतुकही वाटायचं आणि आतून फुगल्यासारखंही व्हायचं, की बघा, माझ्या एका शब्दावर.

रोज सकाळी न्हाणीच्या दारातल्या आरशात त्या डोळा बघायच्या. आधी त्या मला मापच सांगायच्या, कपाशीला बांधायच्या दोऱ्याच्या हिशेबानं, "आज काळ्याच्या आत दीड दोरा हाय." गोड सोडल्यापासून मी विचारलं की म्हणायच्या, "हाय तिथंच हाय." मला वाटलं, बघा, थांबलं!

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण जित्याची खोड म्हणतात तसं, मला सांगितल्याशिवाय राहवेना. नवरात्राच्या आधी एकदा बोलता बोलता मी म्हणून गेले, की भाकरीचीसुद्धा पोटात साखरच होते. बस्स. दुसऱ्या दिवसापासून अक्कांची भाकरी अर्धी झाली, मग पाव झाली. क्रॉसिंगचा ऐन भर, सकाळी पराग लावायचे, दुपारी कळ्या सोलायच्या, घरचं सगळं, माझ्या वाटचंही, आणि पोटात पाव भाकरी अन् ताक. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी बघत होते. देवाशप्पथ सांगते, मी बघत होते आणि तरी मला वाटत होतं की हे चांगलंच चाललंय.

दसऱ्याच्या पुढच्या दिवशी त्या प्लॉटमध्ये चक्कर येऊन पडल्या. हातातली लाल कागदांची चळत सगळीकडं उडाली. बायकांनी त्यांना उचलून गावातल्या डॉक्टरकडं आणलं, त्यांनी सलाईनची बाटली टांगली. मी गाडीतून उतरून तशीच पळत गेले. खाटेवर पडलेल्या अक्का डॉक्टरांना विचारत होत्या, "या बाटलीत साखर हाय का? असंल तर काढा." डॉक्टर कपाळाला हात लावून बसले होते.  पण तेव्हाही मी खरं बोलले नाही. सासूबाई उशाशी बसल्या होत्या ना.

दिवाळी झाली आणि आम्ही ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला मॅडमकडं गेलो. मॅडमनी अक्कांना बघितलं आणि खुर्चीतून उठल्याच. "हे काय? निम्म्या झालात तुम्ही! काय आजार झाला होता?"

अक्कांनी पदर पुढं ओढला. मग मीच सगळं सांगितलं. मॅडमनी मला जे झाडलं ते माझ्या वडिलांनीही कधी झाडलं नव्हतं. "मी अंदाज म्हणाले होते! आणि पेशी साखर खातात याचा अर्थ तुम्ही साखर खाल्ली नाही तर त्या उपाशी राहतात, असा होतो का? शरीर रक्तातली साखर कमी होऊच देत नाही. आधी चरबी मोडतं, मग स्वतःचे स्नायू मोडून साखर करतं. या बाईंचे दंड गेले, गाल गेले आणि ते मांस मात्र दोन्ही वेळा पोटभर जेवत राहिलं. तुम्ही टेक्निशियन आहात ना? तुम्हाला कळायला नको?"

मग त्यांनी दिव्याखाली डोळा तपासला. "आणि हे थांबलेलं नाही. जूनमध्ये होतं त्याच्यापेक्षा पुढं सरकलंय."

मी अक्कांकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर कुठं तरी बघत होत्या. मला वाटलं, आरशात त्यांना नीट दिसलं नसेल.

ऑपरेशन महिनाभर पुढं गेलं. मॅडमनी बजावलं होतं, रोज दोन भाकरी, डाळ, दूध, अंडं, त्याशिवाय मी हात लावणार नाही. घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनली डॉक्टरीन?" मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी. नोकरी गेलीच म्हणून समजले. पण अक्का म्हणाल्या, "तू जा, हातपाय धू. मी सांगते त्यान्ला." मी न्हाणीत गेले ती मुद्दाम उशिरा बाहेर आले. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. उलट महिन्या-दोन महिन्यांनी शेजारणीपुढं म्हणताना ऐकलं, "आमची धाकली लॅबात हाय. तिला बिलकुल समदं कळतं." मला वाटलं, म्हातारपणी विसरल्या बहुतेक. देवाचे आभार मानले.

ऑपरेशन चांगलं झालं. तासाभराचं काम होतं. मॅडमनी वरच्या पापणीखालचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा घेऊन त्या जागी केसापेक्षा बारीक टाक्यांनी शिवला. काढलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला, नेहमीच्या फॉर्मालिनऐवजी अल्कोहोलच्या बाटलीत, म्हणजे साखरेचा साठा धुऊन जाणार नाही. "तपासून ठेवा," म्हणाल्या. मी त्याचा मेणाचा ठोकळा केला, नंबर घातला आणि खणात ठेवून दिला. पण काप काढायला माझा हात धजेना. मॅडमनी दोनदा विचारलं, मी दोनदा काहीतरी कारण सांगितलं. त्या ठोकळ्यात माझी मूर्ख ऐट बसलेली आहे असं वाटायचं.

आता फक्त वाट बघायची होती. पहिलं वर्ष महत्त्वाचं, मॅडम म्हणाल्या होत्या. मी रोज सकाळी डबा घेताना आधी त्यांच्या उजव्या डोळ्याकडं बघायची आणि मग डब्याकडं. अक्का आता शेतात जाताना पदर पुढं ओढून वर थोरल्या भाऊजींची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, जुनी मोठ्या काठाची टोपी घालायच्या. बायका हसायच्या, तर म्हणायच्या, "हसा. मला फुटू काढायला न्हाई जायचं." भाकरी त्या पूर्वीसारखी खायला लागल्या, गाल भरले, बांगड्या मनगटावर आल्या. गोड मात्र सुटलं ते सुटलंच. चहा बिनसाखरेचाच, पुरणपोळीला हात नाही. मी एकदा म्हणाले, "अक्का, आता खा की." तर म्हणाल्या, "सवय मोडली गं." मी तेही खरं मानलं. खरंच, त्या बाईनं सांगितलेलं सगळंच मी खरं मानत आले.

वर्ष भरलं आणि त्या तपासणीला जालन्याला आल्या. मी लॅबमधून सुटू शकले नाही, तर त्या एकट्याच मॅडमकडं जाऊन दुपारी माझ्या लॅबच्या दारात उभ्या राहिल्या. डोळा पांढराशुभ्र. "न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "मॅडम म्हनल्या, आता येत न्हाई. जा म्हनल्या, सोल कळ्या." मी तिथंच, रिपोर्ट घ्यायला आलेल्या दोन माणसांदेखत, त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले.

"बास," त्या म्हणाल्या. "आता दाखव मला ते."

"काय?"

"माझ्या डोळ्यातलं काढलेलं. तुझ्याजवळ हाय म्हनल्या मॅडम. वर्स झालं, कापलं न्हाई म्हनल्या."

नाही म्हणायची माझी टाप नव्हती. लॅबचे साहेब जेवायला गेले होते. मी ठोकळा काढला, दोन काप घेतले, दोन काचांवर पसरले. मेण काढून टाकलं. मग एक काच त्यांच्यापुढं धरली आणि म्हणाले, "अक्का, हिच्यावर थुंका."

"काय म्हनलीस?"

समजावून सांगितलं. गुलाबी रंग दुसऱ्या कशानंही येऊ शकतो. पण थुंकीतल्या रसानं साखरेचा साठा विरघळतो. एका काचेवर थुंकी टाकायची, एकीवर नाही, आणि मग दोन्ही रंगवायच्या. थुंकीच्या काचेवरचं गुलाबी गेलं म्हणजे ती साखरच होती. आम्ही आमचीच थुंकी वापरायचो, पण आज माझ्या थुंकीला तो मान नव्हता.

अक्का उभ्या राहिल्या. पदर खोचला. आणि तीन-चार वर्षांचा सगळा राग तोंडात गोळा करून त्या काचेवर अशा थुंकल्या की थुंकी कापावर कमी आणि टेबलावर जास्त गेली. "घे मेल्या," म्हणाल्या. मी हसता हसता टेबल पुसलं.

अर्ध्या तासानं काच धुतली, दोन्ही रंगवल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावून खुर्ची त्यांना दिली. त्यांनी उजवाच डोळा लावला. कुणाच्या मदतीशिवाय स्वतःच चाकी फिरवून चित्र नेमकं केलं, कळी बघणाऱ्या बोटांना ते सांगावं लागलं नाही. थुंकीची काच फिकट होती, इकडं तिकडं चार ठिपके. मग मी दुसरी लावली. वरपासून खालपर्यंत गच्च, गडद गुलाबी.

अक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग डोळा न काढता म्हणाल्या, "मी चार म्हैने उपाशी मरून राह्यले, अन् ही बया पंगतीत बसल्यासारखी जेवली!" आणि हसायला लागल्या, पोट धरून.

मला हसू आलं नाही. वर्षभर साठलेलं सगळं बाहेर पडलं. "अक्का, मला माफ करा. मी खोटं बोलले होते. मॅडम नुसता अंदाज म्हणाल्या होत्या. मला शहाणपण मिरवायचं होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून जीव घालवला असता."

त्या वळल्या. "कोन म्हनलं विश्वास ठिवून? पोळ्यालाच कळलं व्हतं मला. दीड दोऱ्याचं दोन दोरे झालं व्हतं."

मी विचारलं, "पोळ्याला? मग दसऱ्यापर्यंत... भाकरी कशाला कमी केली? पथ्य सोडलं का नाही?"

"सोडलं असतं तर आत्याबाई काय म्हनल्या असत्या? तिचं बोलनं खोटं निघालं, बशीव तिला घरी." त्यांनी काच उचलून उजेडात धरली. "मंग तुला रोज पाचला उठून डबा काय उगाच भरला का मी?"

"आणि मॅडम रागावल्या त्या दिवशी? आत्याबाईंना काय सांगितलं तुम्ही?"

"सांगितलं, धाकलीचं बराबर निघालं, गोड सोडलं म्हनून डोळा कापायजोगा झाला. अन् पुडं बी सोडायचं हाय म्हनल्या मॅडम."

तेव्हा मला कळलं, सवय मोडली म्हणजे काय ते. दोन दिवाळ्या, दोन पोळे, रोजचा सकाळ-संध्याकाळचा चहा. माझी नोकरी त्या बिनसाखरेच्या कपावर उभी होती आणि मी रोज त्याच्यावर बसून जालन्याला येत होते.

 कोपऱ्यातल्या स्टोव्हवर दुपारच्या चहाचं आधण ठेवलं होतं, मी उगाच तिकडं वळले. दूध घातलं, पत्ती घातली. 

मागून अक्कांचा आवाज आला, अगदी हळू, जणू कुणी ऐकेल म्हणून. "इथं आत्याबाई न्हाईत ना गं? मंग घाल दोन चमचे."

मी चार घातले.